पाच वॅटचा हिशेब

हैदराबादच्या अशहर फरहान यांनी २००३ च्या सुमारास ‘बिटएक्स २०’ नावाचा हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाचा, सेट तयार केला आणि त्याचा आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवला. १४ मेगाहर्ट्झवर बोलता येणारा, सुमारे सहा वॅटचा सेट. त्यातल्या कॉइल पाहण्यासारख्या होत्या. एरवी अशा सेटमध्ये टोरॉइड लागतात, म्हणजे लोहचूर्णाच्या छोट्या कड्या. त्या आपल्याकडच्या दुकानांत सहसा मिळत नाहीत, परदेशातून मागवाव्या लागतात. फरहान यांनी त्यांच्याऐवजी नळाच्या तोटीत घालतात ते वॉशर घेतले आणि त्यांच्यावर एनॅमलची तांब्याची तार गुंडाळली. बाकीचे ट्रान्झिस्टर, क्रिस्टलही साध्या बाजारात मिळणारे. भारतातल्या हॅम मंडळींनी तो बांधलाच, पण ज्यांना टोरॉइड घरपोच मिळतात अशा ब्रिटन-अमेरिकेतल्या लोकांनीही तो हौसेने बांधला.

हॅम रेडिओ हा पैसेवाल्यांचा छंद, असे आपल्याकडे अजूनही ऐकू येते आणि ते सर्वस्वी खोटे नाही. शंभर वॅटचा नवा जपानी सेट घ्यायचा तर किंमत लाखाच्या घरात जाते. त्यावर पॉवर सप्लाय, जाड केबल, अँटेना आणि तो उभा करायचा मनोरा. कॉलेजात शिकणारी मुलगी किंवा पेन्शनवर घर चालवणारे गृहस्थ हा आकडा ऐकूनच मागे फिरतात. त्यांच्यासाठी पाच वॅटची वाट खरोखर आहे का, ती किती स्वस्त पडते, तिच्यातून पदरात काय पडते आणि कुठे निराशा होते, हे या लेखात पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगतो. पैशांची बचत खरी आहे, मात्र वाचलेला पैसा वेळेच्या आणि मेहनतीच्या रूपाने मोजावा लागतो. या छंदाचा आनंदही त्या मेहनतीतच आहे.

हॅम मंडळी या प्रकाराला ‘क्यूआरपी’ म्हणतात. तारायंत्राच्या जमान्यातल्या संकेतांपैकी हा एक, शक्ती कमी करा असे सुचवणारा. प्रघात असा, की मोर्सने पाठवताना ५ वॅटच्या वर जायचे नाही आणि एसएसबी पद्धतीने बोलताना शिखरशक्ती १० वॅटच्या आत ठेवायची. एका वॅटच्याही खाली राहून मिलिवॅटमध्ये हिशेब करणाऱ्यांचा पंथ निराळाच. ही बंधने कायद्याने घातलेली नाहीत, कायदा यापेक्षा कितीतरी जास्त शक्ती वापरू देतो. ती आपणहून पाळली जातात.

कोणालाही पहिला प्रश्न पडतो तो असा, की शंभराच्या जागी पाच वॅट म्हणजे वीसपट कमी, मग पलीकडच्याला आपण ऐकू तरी जाणार का? इथे गणित आपल्या बाजूचे आहे. रिसीव्हरवर सिग्नलची ताकद दाखवणारा एस-मीटर असतो. त्याचा काटा एक घर पुढे सरकायला शक्ती चौपट व्हावी लागते. शंभर वॅटवरून पंचवीसवर आलो की एक घर कमी, पंचवीसवरून सव्वासहावर आलो की आणखी एक. म्हणजे शंभर वॅटचा सिग्नल जिथे एस-९ दाखवतो, तिथे पाच वॅटचा एस-७ च्या किंचित खाली राहतो. वीसपट शक्तीचा फरक काट्यावर दोन घरांहून थोडाच जास्त. शांत बँडवर एवढा सिग्नल कान न ताणता ऐकू येतो.

‘शांत बँडवर’ या शब्दांवर मात्र सारे अवलंबून आहे. ऐकणाऱ्याच्या घरी आधीच एस-७ इतका गोंगाट असेल, तर शंभर वॅटवाला त्याच्या वर डोके काढतो आणि पाच वॅटवाला बुडतो. शहरातल्या इमारतींमध्ये एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सोलरचे इन्व्हर्टर मिळून असा गोंगाट सहज करतात. क्यूआरपीच्या बाजूने लिहिणारे पुष्कळ जण ही गोष्ट ओझरती सांगून पुढे जातात. ती आधी सांगायला हवी, कारण नवा माणूस पहिल्याच आठवड्यात निराश होतो तो बहुधा इथे.

दुसरी गोष्ट आकाशाची. सूर्यकिरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरांत आयन तयार होतात आणि लघुलहरी त्या थरांवरून वळून पुन्हा जमिनीकडे येतात. वळवण्याचे काम मुख्यतः वरचा एफ थर करतो. खालचा डी थर दिवसा असतो आणि लहरींची ऊर्जा शोषून घेतो, कमी फ्रिक्वेन्सीची जास्त. सूर्य मावळला की तो लगेच विरू लागतो. म्हणून ७ मेगाहर्ट्झचा ४० मीटर बँड दिवसा काही शे किलोमीटरची मजल मारतो आणि संध्याकाळनंतर देशाच्या सीमा ओलांडतो. १४ मेगाहर्ट्झचा २० मीटर बँड लांबच्या देशांसाठी दिवसाही चालतो. आकाश अनुकूल असेल तेव्हा एक वॅटही भरपूर होतो, प्रतिकूल असेल तेव्हा शंभरानेही काम होत नाही. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोडलेल्या स्पुटनिकचा ट्रान्समीटर एक वॅटचा होता, आणि त्याची टिकटिक जगभरच्या हॅमनी आपापल्या घरी २० मेगाहर्ट्झजवळ ऐकली होती. १९७० साली अलास्का आणि ओरेगन इथल्या दोन हॅमनी १० मीटर बँडवर एक मायक्रोवॅट, म्हणजे वॅटचा दहा लाखावा भाग वापरून सुमारे २,६५० किलोमीटरचा संपर्क साधला. असे रोज होत नाही. पण अंतर ठरवताना वॅटचा वाटा आपण समजतो त्याहून लहान आहे, हे त्यातून कळते.

४० मीटरच्या या मुलखाला मुंबईच्या इतिहासातही जागा आहे. महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने हॅमचे परवाने रद्द करून सेट जमा करायला लावले होते. तरी ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला, तो ४२.३४ मीटरवर. मेगाहर्ट्झमध्ये मांडले तर साधारण ७.०८, म्हणजे आज आपले हॅम जिथे गप्पा मारतात तीच जागा. ट्रान्समीटर उभा करण्यात नरिमन प्रिंटर या मुंबईच्या हॅमचा हात होता. तो हॅमचा छंद नव्हता, चळवळ होती. पण हाताशी असतील त्या सुट्या भागांतून ट्रान्समीटर उभा करण्याची कला आपल्याकडे किती जुनी आहे, हे सांगायला तो दाखला पुरेसा आहे.

कमी शक्तीचा छंद चळवळीसारखा वाढला तो इंग्लंड-अमेरिकेत. डग डीमॉ यांनी मे १९७६ च्या ‘क्यूएसटी’ मासिकात माशाच्या रिकाम्या डब्यावर बांधलेल्या दोन ट्रान्झिस्टरच्या ट्रान्समीटरची कृती छापली. ‘ट्युना टिन टू’ हे त्याचे नाव, शक्ती वॅटचा तिसरा हिस्सा. इंग्लंडमध्ये जॉर्ज डॉब्ज या धर्मोपदेशकाने १९७४ साली जी-क्यूआरपी क्लब काढला आणि ‘स्प्रॅट’ हे त्रैमासिक चालवले. दर अंकात सोप्या, बांधून पाहण्यासारख्या सर्किटांची रेलचेल असे. डॉब्ज २०१९ साली गेले. जे नवशिक्याला एका शनिवार-रविवारात बांधता येईल तेच छापायचे, हा त्यांचा आग्रह मला आजच्या बहुतेक किट विकणाऱ्यांपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

आता खर्चाकडे येऊ. सगळ्यांत खालच्या पायरीवर ‘पिक्सी’ आहे. चिनी बनावटीचे हे किट हजार रुपयांच्या आत मिळते. दोन ट्रान्झिस्टर, एलएम-३८६ हा ऑडिओचा आयसी, एक क्रिस्टल आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर, एवढ्यात मोर्सचा पूर्ण ट्रान्सीव्हर. तो चालतो कसा हे समजून घेण्यातच एक संध्याकाळ मजेत जाते. पहिला ट्रान्झिस्टर क्रिस्टलच्या फ्रिक्वेन्सीवर, बहुधा ७.०२३ मेगाहर्ट्झवर, सतत कंप पावत राहतो. मोर्सची की दाबली की दुसरा ट्रान्झिस्टर ते कंपन मोठे करून अँटेनाला देतो, अर्ध्या वॅटच्या आतबाहेर. की सोडली की तोच दुसरा ट्रान्झिस्टर मिक्सरचे काम करू लागतो: अँटेनाकडून आलेला सिग्नल आणि क्रिस्टलचे कंपन यांची वजाबाकी करतो. समोरचा ७.०२३७ वर पाठवत असेल तर उरतात ७०० हर्ट्झ, म्हणजे कानाला गोड लागणारी शिट्टी. एलएम-३८६ ती हेडफोनपर्यंत पोचवतो. एकच भाग दोन कामे करतो आणि मध्ये काहीही नाही.

या ‘मध्ये काहीही नाही’चीच किंमतही मोजावी लागते. फिल्टर नसल्यामुळे पाच-सहा स्टेशने एकदम ऐकू येतात, रात्री तर लघुलहरींवरची जबरदस्त प्रसारण केंद्रे आत घुसतात. फ्रिक्वेन्सी जवळजवळ हलवता येत नाही, त्यामुळे दुसऱ्या कोणी त्याच जागेवर येईपर्यंत बसून राहावे लागते. पिक्सी बांधायला उत्तम, चालवायला त्रासाचा. पहिले किट म्हणून जरूर घ्यावा, पहिला सेट म्हणून घेऊ नये.

खरा सेट त्याच्या पुढच्या पायरीवर सुरू होतो. हान्स समर्स यांच्या क्यूआरपी लॅब्जने २०१७ साली ‘क्यूसीएक्स’ हे एका बँडचे मोर्सचे किट ४९ डॉलरला आणले आणि या क्षेत्राचा नूरच बदलला. त्यातला शेवटचा टप्पा पाहा: बीएस-१७० हे अगदी स्वस्तातले तीन ट्रान्झिस्टर शेजारी शेजारी जोडलेले, आणि त्यांच्याकडून तीन ते पाच वॅट काढलेले. ते ‘क्लास ई’ पद्धतीने चालतात, म्हणजे ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण बंद असतो नाहीतर पूर्ण चालू, मधल्या अवस्थेत फारसा राहत नाही. त्यामुळे वीज उष्णतेत वाया जात नाही आणि हीटसिंक लागत नाही. आत फिल्टर आहे, फ्रिक्वेन्सी बदलता येते, जुळवणीसाठी लागणारी मोजणीची साधनेही सेटमध्येच आहेत. सोबतची पुस्तिका तर स्वतंत्रपणे वाचावी अशी आहे.

बोलण्यासाठी सेट हवा असेल तर पुन्हा फरहान यांच्याकडे यावे लागते. २०१६ साली त्यांनी ‘बिटएक्स ४०’ ही ४० मीटरची तयार पाटी अगदी माफक किमतीत दिली. तिच्यावरच्या कॉइल हैदराबादेतल्या महिलांच्या गटाने हाताने गुंडाळलेल्या होत्या. पाठोपाठ लघुलहरींचे सगळे बँड असलेला ‘मायक्रो बिटएक्स’ आला. डबा आपण शोधायचा, भोके आपण पाडायची, माइक आणि स्पीकर आपण जोडायचे. आवाजी सेट इतक्या कमी खर्चात तोवर मिळत नव्हता.

क्यूआरपी म्हणजे स्वस्तच, असे मात्र धरून चालू नये. आयकॉमचा आयसी-७०५ दहा वॅटचा आहे आणि किमतीने शंभर वॅटच्या सेटच्या पंक्तीला बसतो. एलेक्राफ्टचे छोटे सेटही तसेच. ते उत्कृष्ट आहेत, पण या लेखातल्या वाचकासाठी नाहीत.

हत्यारांचा खर्च किरकोळ आहे. पंचवीस वॅटची सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, पक्कड, चिमटा. एक साधन घरीच बनवावे. सेटची चाचणी अँटेनाशिवाय करता यावी म्हणून पन्नास ओहमचा ‘डमी लोड’ लागतो. एक किलोओहमचे पाव वॅटवाले वीस कार्बन रेझिस्टर समांतर जोडले की बरोबर पन्नास ओहम होतात आणि पाच वॅट पचवतात. त्याच्यावर एक डायोड, एक कपॅसिटर आणि मल्टिमीटर लावला की शक्तीही मोजता येते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हे सामान एका फेरीत मिळते. फक्त आरएफचे महागडे ट्रान्झिस्टर घेताना डोळे उघडे ठेवावेत, कारण नकली माल सर्रास असतो. बीएस-१७० किंवा आयआरएफ-५१० यांच्यासारख्या सर्वसाधारण भागांवर बेतलेला आराखडा निवडला की हा प्रश्नच येत नाही.

सेटवर वाचलेले पैसे अँटेनाला द्यावेत, असे जुने हॅम सांगतात. मी पुढे जाऊन म्हणेन, की पैसेही द्यायला नकोत, दोन रविवार द्यावेत. सगळ्यांत साधा अँटेना म्हणजे अर्ध्या तरंगाचा डायपोल. १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागले की त्याची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.०३ साठी सुमारे २०.३ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला दहा मीटरहून थोडी जास्त वायर. घराच्या वायरिंगला वापरतात तीच वायर चालते. मधला इन्सुलेटर पीव्हीसी पाइपच्या तुकड्याचा, टोकांना नायलॉनची दोरी. वायर हिशेबापेक्षा थोडी लांब ठेवावी आणि एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना सेटशी किती जुळला ते दाखवणारा आकडा, पाहत दोन्ही बाजूंनी सारखी कापत जावे. प्लास्टिकच्या आवरणामुळे लागणारी लांबी गणितापेक्षा थोडी कमीच निघते.

गच्ची वीस मीटर लांब नसेल, आणि बहुतेकांची नसतेच, तर मध्यभाग बांबूवर चढवून दोन्ही टोके उतरती सोडावीत. इनव्हर्टेड व्ही म्हणतात तो हाच. गृहनिर्माण संस्थेची परवानगी हा खरा अडथळा, आणि इथे कमी शक्ती कामाला येते. मनोरा नाही, लांबून दिसत नाही अशी एक वायर, आणि पाच वॅटमुळे शेजाऱ्यांच्या टीव्हीत किंवा स्पीकरमध्ये घरघर होण्याची शक्यता फार कमी. सेक्रेटरींना गच्चीवर नेऊन वायर दाखवली तर बोलणे सोपे होते. गच्चीच हाती नसेल तर दहा मीटरची वायर एका टोकाकडून जोडून, एका छोट्या ट्रान्सफॉर्मरसह, खिडकीतून समोरच्या झाडापर्यंत नेता येते. २० मीटर बँडवर ती चांगली चालते.

दोन बाबतींत मात्र तडजोड नको. विजेच्या तारांच्या आसपास, वर किंवा खाली, अँटेनाची वायर कधीही नेऊ नये. पडली तर तारेवर पडणार नाही इतके अंतर ठेवावे. आणि एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दिसू लागले की केबल सेटपासून काढून घराबाहेर सोडावी.

अँटेना बाहेर गेला तरी गोंगाट घरातच असतो. त्यावर पाच वॅटच्या सेटकडे एक उत्तर आहे, आणि ते महाराष्ट्राच्या गावांना चांगले ठाऊक असलेल्या लोडशेडिंगमध्ये अनुभवावे. वीज गेली की आसपासचे सगळे चार्जर आणि दिवे एकदम गप्प होतात आणि ज्या बँडवर नुसती खरखर होती तिथे दूरची स्टेशने उमटू लागतात. शंभर वॅटच्या सेटला अशा वेळी मोठी बॅटरी हवी, कारण तो नुसता ऐकतानाच सुमारे एक अँपिअर घेतो आणि बोलताना वीसपर्यंत जातो. पाच वॅटचा सेट ऐकताना ०.१ अँपिअर किंवा त्याहूनही कमी घेतो, पाठवताना सुमारे एक. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरायची ठरवली तरी ऐकण्याचे तीस-पस्तीस तास निघतात.

हीच बॅटरी पाठीवर टाकून गडावर जाता येते. गोंगाटापासून सुटका आणि उंची, दोन्ही एकदम मिळतात. ब्रिटनमध्ये २००२ साली सुरू झालेला ‘समिट्स ऑन द एअर’ हा उपक्रम याच जोडीवर उभा आहे: डोंगर चढायचा, माथ्यावरून बॅटरीच्या सेटने संपर्क साधायचे आणि उतरायचे. सह्याद्रीत दर रविवारी हजारो पाय गडांच्या वाटांवर असतात. त्यांतल्या काहींच्या पाठीवर किलोभराचा सेट आणि वायरचे भेंडोळे दिसायला हवे, असे मला मनापासून वाटते. पुरातत्त्व किंवा वनखात्याच्या हद्दीत असाल तर आधी विचारून घ्यावे, आणि तटबंदीला खिळा ठोकू नये.

आता वापराच्या पद्धती. पाच वॅटमध्ये सगळ्यांत जास्त फळ देतो तो मोर्स. एसएसबीचा आवाज सुमारे २,४०० हर्ट्झची जागा घेतो. मोर्स ऐकताना फिल्टर २४० हर्ट्झपर्यंत आवळता येतो, म्हणजे गोंगाटाचा दहावा हिस्साच आत येतो. शंभर वॅटवरून पाचवर येताना जे गमावले त्यातले बरेचसे इथे परत मिळते. शिकण्याबाबत लोक उगाच घाबरतात. कागदावर टिंबे आणि रेघा मोजत बसले की मोर्स कधीच येत नाही. तबल्याचे बोल कानाने उचलतात तसे प्रत्येक अक्षराचे वजन कानात बसवावे लागते, आणि सुरुवातीपासून अक्षरे वेगातच ऐकावी लागतात. रोज वीस मिनिटे नेमाने दिली तर काही महिन्यांत कान तयार होतो.

संध्याकाळी सातच्या सुमारास ७.०३० मेगाहर्ट्झवर, जिथे क्यूआरपीवाले जमतात, एखादा संपर्क कसा होतो ते पाहा. आधी नुसते ऐकायचे. मग जागा मोकळी आहे का हे दोन वेळा विचारायचे. पाच वॅटवाल्याने स्वतः साद घालत बसण्यापेक्षा कोणी ठळक ऐकू येणारा साद घालत असेल त्याला उत्तर द्यावे, तो आपल्याला ऐकू येतो म्हणजे आपणही त्याच्यापर्यंत पोचू शकतो. त्याची साद संपली की क्षणभर थांबून आपला कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळालेले ओळखचिन्ह, एकदाच, स्वच्छ. तो म्हणतो, ५५९: वाचनीयता पूर्ण, ताकद मध्यम, स्वर निर्मळ. आपण आपले नाव, गाव आणि शक्ती सांगतो. तीन वॅट हे ऐकल्यावर पलीकडून अनेकदा शक्ती कमी करून पाहण्याचा प्रस्ताव येतो, आणि मग दोघे मिळून एक वॅट, अर्धा वॅट असे उतरत जातात. सिग्नल नाहीसा होईपर्यंत. ही चढाओढ खालच्या दिशेने चालते, आणि छंदातला यासारखा दुसरा आनंद मला माहीत नाही.

संगणकाच्या पद्धतींनी मिलिवॅटवाल्यांना नवे आकाश दिले. जो टेलर यांना जोड-पल्सारच्या शोधासाठी १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. ते स्वतः हॅम आहेत. २००८ साली त्यांनी डब्ल्यूएसपीआर, बोलीत ‘व्हिस्पर’, ही पद्धत आणली. कॉलसाइन, ठिकाण आणि शक्ती एवढाच मजकूर जवळजवळ दोन मिनिटे घेऊन, अवघ्या सहा हर्ट्झच्या पट्टीत पाठवायचा. कानाला काहीच ऐकू येत नाही तिथून संगणक तो उचलतो. २०० मिलिवॅट लावून रात्री झोपायचे आणि सकाळी कुठकुठल्या देशांत आपण पोचलो ते नकाशावर पाहायचे. २०१७ साली आलेल्या एफटी-८ मध्ये पंधरा-पंधरा सेकंदांत प्रत्यक्ष संपर्कही होतो. यात गप्पा नाहीत ही जुन्या मंडळींची तक्रार मला मान्य आहे. एफटी-८ वर वर्षभर काढणारा माणूस पलीकडच्याचे नाव विचारायला विसरतो. पण अँटेना पूर्वेकडे बरा चालतो की पश्चिमेकडे, पावसाळ्यात बँड कसा वागतो, हे पाहायला व्हिस्परसारखे स्वस्त साधन नाही. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी ते वर्गात न्यावे.

एसएसबीवर पाच-दहा वॅटने बोलणे जमते, पण धीर लागतो. स्पर्धांच्या शनिवार-रविवारी मोठ्या शक्तीची स्टेशने बँड व्यापून टाकतात. तरी गंमत अशी, की त्यांना गुण हवे असल्याने ती दुबळी स्टेशनेही कान देऊन ऐकतात, आणि रविवारी दुपारी पाच वॅटवाल्याला एरवी न मिळणारे देश मिळून जातात. सूर्याचे अकरा वर्षांचे चक्रही विसरून चालत नाही. सध्याच्या पंचविसाव्या चक्राचा भर २०२४ च्या सुमारास येऊन गेला. पुढची काही वर्षे १० मीटर बँड हळूहळू मावळत जाईल, तेव्हा आता सेट घेणाऱ्याने ४० आणि २० मीटरवर भर द्यावा.

आपत्तीच्या काळात हा सेट उपयोगी पडेल का, असे हमखास विचारले जाते. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांचा चमू हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होता आणि बाकी संपर्क तुटल्यावर त्यांच्या सेटवरून निरोप गेले. अशा कामात निरोप पहिल्या प्रयत्नात पोचायला हवा. त्यासाठी मुख्य केंद्राला मोठी शक्ती हवी आणि तिथे क्यूआरपीचा हट्ट धरणे चूक आहे. मात्र बॅटरीवर दिवसेंदिवस ऐकत राहणारी दुय्यम केंद्रे पाच वॅटची असू शकतात. आणि ज्याने वर्षभर पाच वॅटने काम केले आहे, त्याच्या हाती शंभर वॅट दिले तर त्याचा निरोप कोणाहीपेक्षा लवकर पोचेल.

शेवटी परवाना, ज्याच्याशिवाय यातले काहीही करू नये. ऐकण्यापासून सुरुवात करता येते. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर संगणकावरून कोणालाही फुकट फिरवता येतो. पण ट्रान्समीटर बाळगायला आणि चालवायला केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. वयाची किमान अट १२ वर्षे. रेडिओचे प्राथमिक तंत्र आणि नियम, असे दोन भाग. रिस्ट्रिक्टेड दर्जा मुख्यतः बोलण्यापुरता आहे. मोर्स वापरायचा तर जनरल दर्जा घ्यावा लागतो आणि त्यासाठी मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स यायला हवा. म्हणजे क्यूसीएक्ससारखे मोर्सचे किट भारतातल्या नवशिक्याला लगेच वापरता येत नाही, आणि बिटएक्ससारख्या बोलक्या सेटचे महत्त्व आपल्याकडे जास्त का, तेही इथे कळते. पोलिस पडताळणी धरून परवाना हाती यायला महिने लागू शकतात. तो काळ वाया जात नाही: डमी लोड बांधून होतो, वायर टांगून होते, कान तयार होतो.

घरात बारा वर्षांच्या वरचे मूल असेल तर परीक्षेचा अर्ज एकट्याचा भरू नका, दोघांचा भरा. अभ्यासक्रम आठवी-नववीच्या विज्ञानापलीकडे फारसा जात नाही, आणि पहिली कॉइल दोघांनी मिळून गुंडाळता येईल.